नळ घरोघरी, पाणी कोणाच्या घरी?

सड्यावरची | १२ एप्रिल, रात्री ९.१०

मंडळी, १ मेच्या ग्रामसभेआधी सल्ला हवाय.

राजापूर तालुक्यातलं गाव आहे, नाव लिहीत नाही. सहा वाड्या. तीन नदीकाठाला, एक मधली, आणि वर सड्यालगत (डोंगरावरच्या कातळ-पठाराला लागून) दोन: आमची, तिच्या पलीकडे बौद्धवाडी. जलजीवनचं (घरोघरी नळाची सरकारी योजना) काम होऊन प्रत्येक घरासमोर नळ उभा राहिलाय, कागदावर गाव शंभर टक्के. नदीत जॅकवेल (पाणी उपसायची विहीर), तिथून पंपाने पाणी मधल्या वाडीच्या वरच्या टाकीत, टाकीतून सगळीकडे. खालच्यांना रोज पाणी. आम्हाला फेब्रुवारीपर्यंत दिवसाआड करंगळीएवढी धार होती, आता नळ नुसता फुसफुसतो. बौद्धवाडीत तोही आवाज नाही. मग आम्ही सगळ्याजणी पऱ्याजवळच्या (ओढ्याजवळच्या) सामाईक विहिरीवर. विहीर सामाईक, पण वाट एकाच्या आगरातून जाते, आणि त्याचा मूड असेल तसं कवाड उघडतं.

सरपंच म्हणतात, "नदीलाच पाणी नाही, सगळ्यांनाच त्रास आहे." सगळ्यांनाच? खाली एका बंगल्याचं अंगण गेल्या आठवड्यात पाइपने धुताना मी स्वतः पाहिलंय.

माझं मत: गावाला पाणी पुरेल एवढं आहे, घोळ वाटपात आहे. ग्रामसभेत नेमकं काय मागू? नुसतं "पाणी द्या" म्हटलं की टँकर येतो आणि फोटो निघतो.

बावीतलो_बेडूक | रात्री ९.१६

पयलो मी! टँकराच्या फोटोत सदस्य किती आणि पाणी किती, ह्या आधी मोजून घे.

निवृत्त_पाईप | रात्री ९.५२

ताई, आयुष्य पाणीपुरवठ्यात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्या वाड्यांना सारखा वेळ दिला म्हणजे सारखं पाणी मिळत नाही. दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब. खालची वाडी टाकीच्या ४० मीटर खाली असेल तर तिथे चार किलोचा दाब. तुमचा नळ टाकीच्या तीन-चार मीटरच खाली असेल, तर तेवढा दाब लांबलचक पाइपच्या घर्षणातच संपतो. त्यात खालचे व्हॉल्व्ह कायम उघडे, म्हणजे टाकी भरणारच नाही आणि तुमच्या लाइनच्या तोंडाशी पाणी चढणारच नाही. कोणी चोरी केली नाही तरी हेच होणार होतं. टाकीची जागा ठरली त्या दिवशीच तुमच्या दोन वाड्या सुटल्या. टाकी अजून वर घ्यायची तर जास्त ताकदीचा पंप, लांब पाइप, वीजबिल. अंदाजपत्रक बसवताना असं काहीतरी कापलं जातं, आणि जे कापलं जातं ते टोकाचंच असतं.

वरच्या दोन वाड्यांत घरं किती, माणसं किती?

सड्यावरची | रात्री १०.०५

काका, दोन्ही मिळून ४० घरं. कायम राहणारी माणसं साधारण १६०.

निवृत्त_पाईप | रात्री १०.२०

जलजीवनचा निकष माणशी रोज ५५ लिटर. १६० माणसांना ८,८०० लिटर. म्हणजे सड्यावर १० हजार लिटरची एक वेगळी टाकी आणि तिच्यापर्यंत छोट्या पंपाची चढती लाइन, बास. हे मागा, आकड्यासकट मागा.

ते होईपर्यंतचा उपाय फुकटात होतो: आधी वरच्या वाड्यांचा व्हॉल्व्ह उघडायचा, तोवर खालचे बंद. टाकी भरलेली असताना वर, अर्धी झाली की खाली. आणि खालच्या जोडण्यांना बारीक छिद्राचे फेरूल (मुख्य पाइपवरून घराची जोडणी निघते तिथला तुकडा) बसवायचे. हे सांगायला गेलो की खालच्या वाडीतले सदस्य मला चहा विचारायचे बंद व्हायचे, हा अनुभव आहे.

मुंबैकर_चाकरमानी | १३ एप्रिल, सकाळी ८.३०

पाइपने अंगण धुणारा मी नव्हे, पण असाच एक बंगला माझाही आहे. घर दहा महिने बंद असतं, पाणीपट्टी बारा महिन्यांची भरतो. मे महिन्यात पोरंबाळं घेऊन आलो आणि चार बादल्या जास्त वापरल्या तर लगेच आम्ही गुन्हेगार? देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी मागताना मुंबईकर गोड लागतो.

सुनबाई_मधलीवाडी | सकाळी ९.०२

भाऊजी, राग मानू नका, पण पाणी वर्षभराचं सरासरीने मोजता येत नाही हो. जुलैत तुम्ही वाचवलेलं पाणी मे महिन्यात कोणाच्या हंड्यात येत नाही. नदी आटते नेमकी तेव्हाच गाव दुप्पट होतं.

निवृत्त_पाईप | सकाळी ९.४०

सुनबाईंना अनुमोदन. योजनेचा आराखडा कायम वस्तीवर होतो, मे आणि गणपतीतली गर्दी त्यात नसते. गणपतीत पाऊस असतो म्हणून निभावतं.

हापूसवाला | सकाळी ११.१५

आता बागायतदारांवर गाडी येणारच, म्हणून आधीच लिहितो. मोहोर ते फळ या काळात फवारण्या चुकवल्या तर तुडतुडे आणि भुरी वर्षाचं उत्पन्न खातात. आंब्याच्या मोठ्या कलमाला एका फवारणीला दहा-पंधरा लिटर लागतात, तेही जानेवारी-फेब्रुवारीत. माझी बोअर माझ्या जमिनीत, माझ्या पैशाने. त्यावर गावाचा हक्क कसा?

निवृत्त_पाईप | दुपारी १२.०५

कायदा इतका सरळ नाही. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून (स्रोतापासून) ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर-बोअर घेता येत नव्हती. त्याच्या जागी २००९ चा अधिनियम आला, त्यातही सार्वजनिक उद्भवाला संरक्षण आहे. जमीन तुमची, पण खालचं पाणी सात-बारा बघून वाहत नाही. गावच्या विहिरीच्या वरच्या अंगाला खोल बोअर मारली तर विहीर लवकर आटते. ज्याच्याकडे बोअरचे पैसे आहेत तो आणखी शंभर फूट खाली जातो, ज्याच्याकडे नाहीत तो कळशी घेऊन दुसऱ्या वाडीत.

हापूसवाला | दुपारी १२.३०

मुद्दा मान्य. पण परवानगी मागायला कोण जातं, आणि कोणी विचारायला येतं?

बावीतलो_बेडूक | दुपारी १२.३३

हापूसवाल्यानू, पाण्याच्या बदल्यात एक पेटी पाठवा, मी तुमच्या बाजून बोलतंय.

तारकर्लीचा_माड | दुपारी ३.१०

आमच्या किनारपट्टीची कथा निराळी. इथे वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्याच्या डोक्यावर बसलेलं असतं. जलशास्त्राचा जुना ठोकताळा आहे: गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली तर खालची खाऱ्याची सीमा साधारण चाळीस फूट वर सरकते. तरी प्रत्येक होमस्टेने पंप लावलाय. मीपण लावलाय, खोटं का बोलू. समुद्रातून आलेला पाहुणा दिवसातून दोनदा शॉवरखाली उभा राहतो, शिवाय चादरी, टॉवेल.

यात पहिली विहीर कोणाची मचूळ होते? उथळवाली, म्हणजे रापणकर मच्छीमाराची. माझं पाणी बिघडलं तर मी आरओ बसवतो आणि पिण्याला जार मागवतो, खर्च खोलीच्या भाड्यात टाकतो. तो कशात टाकणार? त्याच्या घरी मचूळ पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून बायको पिण्या-रांधण्याचं पाणी आमच्या गल्लीच्या टोकाच्या विहिरीवरून नेते. आम्ही पाणी नेऊ देतो याचं आम्हाला कौतुकही वाटतं!

आकडेमोडे | दुपारी ४.००

या धाग्यात एक महत्त्वाची गोष्ट आपोआप पुढे येतेय. सरकार मोजतं नळ. १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन जाहीर झालं तेव्हा देशातल्या साधारण १७ टक्के ग्रामीण घरांत नळ होता. तिथून आकडा फार वर गेला, मुदत २०२४ ची होती ती आता २०२८ झाली. पण सड्यावरच्या ताईंचं घर या आकड्यात जमेत धरलेलं आहे, आणि पाणी पऱ्यावरून येतंय.

संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीत 'सुरक्षित' पाण्याला तीन अटी आहेत: घराच्या आवारात, हवं तेव्हा, आणि दूषित नसलेलं. या हिशोबाने २०२२ साली जगात २२० कोटी माणसं त्याबाहेर होती. 'हवं तेव्हा' ही अट लावली तर आपल्याकडचे बरेच नळ गळून पडतील. (नळ गळतात ते वेगळंच.)

आणखी एक पद्धत आहे. २३ देशांतल्या २८ ठिकाणी काम करून संशोधकांनी २०१९ मध्ये १२ प्रश्नांची एक प्रश्नावली काढली. गेल्या चार आठवड्यांत पाण्याची चिंता वाटली का, कपडे धुणं राहिलं का, पाण्यापायी ठरलेलं काम बदललं का, रांधायचं बदलावं लागलं का, हात न धुता राहिलात का, अंघोळ राहिली का, तहानलेले झोपलात का, पाण्यावरून राग आला का, लाज वाटली का, अशा धर्तीचे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण ३६. बारा किंवा वर गेलात तर घर पाण्याच्या दृष्टीने असुरक्षित.

सुनबाई_मधलीवाडी | दुपारी ४.४५

हे प्रश्न विचारताना घरातल्या कोणाला विचारतात, यावर सगळं आहे. आमच्याकडे मामंजींना विचारलं तर उत्तर शून्य येईल. त्यांची बादली सकाळी भरलेली असते, ती कुठून आली हे त्यांना माहीत नसतं.

हिशोब करा. पाच माणसांचं घर, ५५ प्रमाणे २७५ लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर अठरा हंडे. एवढे कोणी चढण चढून आणत नाही, सहा-सात आणते. मग कमी काय होतं? आधी बायकांची अंघोळ, मग कपडे, मग हात धुणं. पाळीच्या दिवसांत काय होतं ते इथे लिहीत नाही, समजून घ्या. पाहुणे यायचे म्हटलं की पोटात गोळा, कारण संडासाला पाणी. माहेरी पाणी दारात होतं, लग्न ठरवताना सगळं बघितलं, विहीर कोणी बघितली नाही.

सड्यावरची | सायंकाळी ५.२०

सुनबाई, अगदी खरं. आकडेमोडे, मी आत्ता बसून भरले. आमच्या घराचे १९. सासूबाईंना स्वतंत्र विचारलं, त्यांचे ९. त्या म्हणाल्या, "लाज कसली, सगळ्यांच्याच घरी असंय."

खाजणकाठ | सायंकाळी ६.३०

एक स्पष्ट विचारतो. बौद्धवाडी टोकालाच का? पाइपचं टोक, रस्त्याचं टोक, विजेच्या लाइनचं टोक.

मुंबैकर_चाकरमानी | सायंकाळी ६.५०

झालं. आला जातीचा विषय. वर काकांनी दाब, उंची सगळं समजावलं, त्यात जात कुठे?

खाजणकाठ | सायंकाळी ७.४०

पाण्याला जात कळत नाही, कबूल. पण सड्याच्या कडेला कोणी कधी आणि का घर बांधलं, हे उंचीत येतं ना? नदीकाठची जमीन कोणाची होती?

आपण कोकणात बसून हे बोलतोय म्हणून आठवण करून देतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करा, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ ला झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तो लागू करायचा ठरवला. तरी चवदार तळ्याचं पाणी प्यायला २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह जावं लागलं, आणि नंतर तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. उच्च न्यायालयाचा निकाल आला १९३७ मध्ये. कागदावर हक्क आणि ओंजळीत पाणी यात चौदा वर्षं गेली. ताईंच्या गावात नळ कागदावर आलाय.

सड्यावरची | रात्री ८.१५

भांडू नका. खरं सांगते, विहिरीवर आज कोणी कोणाला अडवत नाही. पण बौद्धवाडीतल्या बायका आमचं भरून होईपर्यंत थांबतात. कोणी सांगितलेलं नाही. मीही त्यांना कधी "तू आधी भर" म्हटलेलं नाही.

टीसीएल | रात्री ९.००

आरोग्य विभागात आहे, म्हणून थोडं वेगळं. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की लोक वासाची तक्रार करतात, पण मे अखेरीस तळाचं गाळमिश्रित पाणी उपसून पितात आणि पहिल्या पावसात पाय धुतलेलं पाणी विहिरीत उतरतं. जुलाबाचे रुग्ण तेव्हा वाढतात. जलजीवनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं किट आणि प्रशिक्षण द्यायचं आहे. तुमच्या गावात त्या पाच कोण आहेत, आणि कुठल्या वाडीतल्या, विचारा. सामाईक विहिरीचं पाणीही तपासायला लावा, नळाचंच नको.

पोफळी | रात्री ९.३०

मुळात कोकणाला पाणी कमी आहेच कुठे? कोयनेतून वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेकडे सोडायला मुभा आहे. पोफळी, कोळकेवाडी करत ते वाशिष्ठीतून समुद्राला. लिटरमध्ये १.९१ लाख कोटी! ते अडवा, सगळे प्रश्न सुटतील.

बावीतलो_बेडूक | रात्री ९.३२

ईला ईला, कोयनेचा अवजल (वीज करून सोडलेला पाणी) ईला! माका वाटला ह्या धाग्यावर उशीर झालो काय.

तानसेचा_शेजारी | रात्री १०.१०

पोफळीभाऊ, धरण जवळ असलं की पाणी मिळतं, हा गैरसमज आमच्याकडे येऊन घालवा. शहापूर तालुका. तानसा १८९२ चं, मग मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा. मुंबईला रोज साधारण ३,८५० दशलक्ष लिटर पाणी जातं, त्यातलं बहुतेक आमच्याच डोंगरांतून. जलवाहिनी अगदी पाड्याजवळून जाते, आणि उन्हाळ्यात पाड्यावर टँकर येतो. टँकर विहिरीत ओततो, मग बाया विहिरीभोवती. तुमच्या गावात खालची वाडी आहे, आमची खालची वाडी मुंबई.

मुंबैकर_चाकरमानी | रात्री १०.२५

मुंबईतही सगळ्यांना सारखं येत नाही हो. मी चाळीत वाढलो, पहाटे चारला उठून पिंप भरायचो.

नैरोबीकर | रात्री ११.४०

मूळचा दापोलीचा, कामासाठी केनियात. इथे वस्त्यांमध्ये ज्यांच्याकडे नळजोड नाही ती माणसं २० लिटरचे पिवळे कॅन घेऊन पाणी विकत आणतात, आणि लिटरमागे त्यांना हिरवळीवर कारंजी सोडणाऱ्या बंगल्यांपेक्षा कितीतरी जास्त मोजावे लागतात. केपटाउनला २०१८ मध्ये नळ बंद पडायची वेळ आली होती. तिथला २०२३ चा एक अभ्यास सांगतो की १४ टक्क्यांहून कमी असलेला सुखवस्तू वर्ग शहराचं ५१ टक्के पाणी वापरतो. शहर वेगळं, देश वेगळा, पाइपने अंगण धुणारा तोच.

हापूसवाला | १४ एप्रिल, सकाळी ७.५०

छपराचं पाणी का कोणी धरत नाही? आपल्याकडे ३,००० मिलिमीटर पडतो. हजार चौरस फुटांचं कौलारू छप्पर म्हणजे साधारण २ लाख ८० हजार लिटर. गळती, उडणं सगळं वजा करून सव्वादोन लाख धरा. पाच माणसांना फेब्रुवारी ते मे ५५ लिटरने ३३ हजार लिटर पुरतात.

निवृत्त_पाईप | सकाळी ८.४०

हिशोब बरोबर, पण ३३ हजारांची टाकी म्हणजे साधारण चार मीटर बाय चार, दोन मीटर खोल. बांधायचे पैसे आणि अंगण दोन्ही हवं. फक्त पिण्या-रांधण्याचं, माणशी १५ लिटर धरलं तर नऊ हजारांत भागतं. ती टाकी सड्यावरच्या घराला जमेल, अनुदान मिळालं तर. जांभ्या दगडात पाणी मुरतं तेवढ्याच वेगाने खाली झिरपून जातं, म्हणून वर राहणाऱ्याला साठवणच हवी. पऱ्यावर पोती रचून वनराई बंधारे घालता ते नोव्हेंबरातच घाला. जानेवारीत फोटोपुरते घालतात, तेव्हा अडवायला पाणी उरलेलं नसतं.

सड्यावरची | सकाळी १०.३०

सगळ्यांचे आभार. अर्जात चार गोष्टी लिहिल्यात: सड्यावर १० हजार लिटरची टाकी आणि चढती लाइन, तोवर व्हॉल्व्ह आधी वरच्या वाड्यांचा, सामाईक विहिरीची वाट पंचायतीने नोंदवून घ्यावी, आणि वाडीवार पाहणी, नळ आहे का असं न विचारता गेल्या महिन्यात किती दिवस पाणी आलं असं. बौद्धवाडीतल्या तिघीजणी सही करायला तयार आहेत. पहिली सही त्यांचीच घेते.

निवृत्त_पाईप | सकाळी १०.४८

अर्ज आधी देऊन पोच घ्या, विषयपत्रिकेवर यायला हवा. नाहीतर 'ऐनवेळच्या विषयांत' जाईल, आणि तोवर लोक उठलेले असतात. टाकीचा तळ आणि तुमचा सर्वांत उंच नळ यातली उंची पारदर्शक नळीच्या लेव्हलने मोजून घ्या. गवंड्याकडे असते.

सुनबाई_मधलीवाडी | सकाळी ११.२०

आणि पाणी समितीची यादी मागा. जलजीवनच्या नियमाने निम्म्या तरी बायका हव्यात. आमच्या यादीत आहेत, सह्या नवरे करतात. शिवाय ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावीच लागते, कायद्यात आहे. तिथे ठराव करून घेतलात तर दुसऱ्या दिवशी पुरुषांना तो नुसता ऐकावा लागतो.

सड्यावरची | सकाळी ११.३५

महिला सभेची नोटीस आमच्याकडे कधी लागलेली पाहिलीच नाही.

बावीतलो_बेडूक | सकाळी ११.३६

लागता गो बाय. खालच्या वाडयेत.

सड्यावरची | दुपारी १.०५

विचारून आले. पंचायतीच्या मागच्या दाराला लावतात म्हणे. यावेळची लागली की फोटो काढून दोन्ही वाड्यांच्या ग्रुपवर टाकते. काका, ती नळीची लेव्हल किती फुटांची लागेल?